पडदा बसवला, आता तो टिकवायचा कसा

सेलूजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सुटला. वय 61. लहानपणापासून जाड मायनस नंबरचा चष्मा, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन. आता छत्रपती संभाजीनगरला विट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेल काढायचं ऑपरेशन, होऊन डोळ्यात गॅस भरलाय, त्याला दहा दिवस झालेत. त्या डोळ्याने समोर हात हलवलेला तेवढा कळतो, म्हणून भावकीत ‘ऑपरेशन फेल गेलं’ अशी बोलणी सुरू आहेत. पालथं राहून राहून मान आखडलीय. नजर कधी येईल, आणखी किती दिवस पालथं राहायचं, शेजारच्या गावातल्या एकाच्या डोळ्यात तेल भरलं होतं मग आबांना गॅस का, कापूस वेचणीला रानात कधी जाता येईल आणि दुसऱ्या डोळ्याचं काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, आधी ते ‘फेल’चं बोलू. गॅस भरलेल्या डोळ्याला दहाव्या दिवशी हात हलवलेला कळतो आणि बोटं मोजता येत नाहीत, हे अपेक्षितच आहे. आत पडदा कितीही छान बसलेला असला तरी गॅसच्या बुडबुड्यातून जग धूसरच दिसतं. गॅस काढावा लागत नाही, तो आपोआप विरतो आणि त्याची जागा डोळा स्वतः तयार करत असलेलं पाणी घेतं. किती दिवसांत, ते गॅसच्या प्रकारावर आहे. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. ‘एसएफ सिक्स’ लिहिलं असेल तर साधारण दोन ते तीन आठवडे, ‘सी थ्री एफ एट’ असेल तर 6 ते 8 आठवडे. नुसती हवा भरली असेल तर आठवडाभरात जाते, पण मग आबांना आत्तापर्यंत बरंच दिसू लागलं असतं. ऑपरेशन लागू पडलं की नाही, हे आज घरात बसून कोणालाही ठरवता येणार नाही. ते डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत बघितल्यावरच कळतं.

बुडबुडा लहान व्हायला लागला की आबांना एक आडवी रेघ दिसेल. बुडबुडा डोळ्यात वर तरंगत असतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे त्यांना तो खाली असल्यासारखा वाटेल: वरच्या कडेला स्वच्छ पट्टा, रेघेच्या खाली धूसर. रोज रेघ थोडी खाली सरकते आणि मान हलवली की डुचमळते. शेवटी शेवटी एक काळसर गोल खाली घरंगळताना दिसतो, कधी त्याचे दोन-चार छोटे गोल होतात, आणि मग एका सकाळी काहीच उरत नाही. हे सगळं ठीक आहे. आधी सांगून ठेवलं नाही तर माणसं रात्री अकराला घाबरून फोन करतात, म्हणून सांगतोय.

आता मान खाली का घालायची, ते आबांना समजावून सांगा. कारण कळलं की माणूस ऐकतो. डोळ्याच्या आतल्या भिंतीला पडद्याचा पातळ थर चिकटलेला असतो आणि मधल्या पोकळीत घट्ट जेल असतो. वय वाढलं की जेल पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा तो काही त्रास न देता सुटतो. काहींचा जिथे जास्त चिकटलेला असतो तिथे पडदा फाडून सुटतो. मग त्या छिद्रातून पाणी मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. जास्त मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, कडेचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. मोतीबिंदू काढल्यावर जेलही थोडा लवकर सुटतो. आबांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जमून आल्या. यात मोतीबिंदू करणाऱ्या डॉक्टरांचं काही चुकलं, असं मात्र समजू नका. मोतीबिंदू काढलेल्यांपैकी फार थोड्यांना असं होतं, आणि तेवढ्या भीतीने कोणी मोतीबिंदू पिकवत बसू नये.

शंभर वर्षांपूर्वी या आजारावर खरा उपाय नव्हता. दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रुग्णाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवायचे, आणि तरी बहुतेकांची नजर जायची. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं की पडद्याचं छिद्र शोधून बंद केल्याशिवाय पडदा बसत नाही. आजचं ऑपरेशनही त्याच तत्त्वावर चालतं. आम्ही जेल काढतो, मागचं पाणी ओढून घेतो, छिद्राभोवती लेझर मारतो आणि गॅस भरतो. लेझर मारला त्या क्षणी पडदा चिकटत नाही. तो डाग पक्का व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात, आणि तोवर छिद्र झाकून ठेवायचं काम गॅसचं. गॅस हलका, त्यामुळे तो नेहमी वर जाणार. म्हणून डोकं असं ठेवायचं की छिद्राची बाजू वर येईल. त्या दोन आठवड्यांतली मान म्हणजे अर्धं ऑपरेशनच, आणि ते घरी तुम्ही करायचं असतं.

यावरून हेही लक्षात येईल की सगळ्यांना पालथं राहावं लागत नाही. छिद्र वरच्या भागात असेल तर ताठ बसून किंवा एका कुशीवर राहून भागतं. छिद्र मागच्या बाजूला असेल किंवा पडद्याचा मधला भाग सुटलेला असेल तर पालथं सांगतात. कुठली कूस, किती तास, किती दिवस, हे छिद्र बघितलेला डॉक्टरच सांगू शकतो. दुसऱ्या कोणा पाहुण्याला काय सांगितलं होतं ते आबांना लावू नका. दहा दिवस झालेत म्हणजे आता सूट मिळायची वेळ जवळ आली असेल, पण ती स्वतःहून घेऊ नका. दवाखान्यात फोन लावा आणि एवढंच विचारा: “मान आणखी किती दिवस, आणि रात्री कुठल्या कुशीवर?”

पालथं राहणं हे खरोखर कष्टाचं काम आहे, आणि ते कसं करायचं हे बरेचदा कोणी नीट सांगत नाही. सहसा तासातली 45-50 मिनिटं मान खाली आणि दहा मिनिटं सुट्टी, असा हिशेब सांगतात. सुट्टीत जेवण, लघवी, औषधाचे थेंब. पूर्ण वेळ बाजेवर पोटावर पडून राहायचं, असाही नियम नाही. नजर जमिनीकडे असली की झालं. खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर हाताची घडी घालून त्यावर कपाळ टेकता येतं. जुन्या लुगड्याची मोठी चुंबळ वळून कपाळ आणि गाल तिच्यावर टेकवले की नाक-तोंड मोकळं राहतं, फक्त ऑपरेशनच्या डोळ्यावर तिचा दाब येता कामा नये. चालतानाही नजर पायाच्या अंगठ्यावर. झोपताना छातीखाली उशी घेतली तर मान कमी दुखते. कोपरावर भार देऊन राहू नका, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हे मी बऱ्याच जणांत बघितलंय आणि ते जायला महिने लागतात. पावलं अधूनमधून हलवत राहायची, म्हणजे पायात रक्ताच्या गाठी होत नाहीत. मानेला बाहेरून कोमट शेक चालतो. मान कडकड मोडून देणारा कोणी गावात असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मोबाइल जमिनीवर ठेवून भजन-कीर्तन बघू द्या, त्याने डोळ्याला काही होत नाही. नातवंडांना खाली सतरंजीवर त्यांच्यासमोर बसवलं तर वेळ आणखी बरा जातो.

दोन गोष्टींना मात्र गॅस असेपर्यंत पूर्ण बंदी. पहिली, पाठीवर उताणं झोपणं. उताणं झोपलं की गॅस पडद्यापासून सुटून पुढे बुबुळाकडे येतो. मग छिद्र उघडं पडतं आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांच्या भिंगाला गॅस टेकला तर मोतीबिंदू लवकर येतो. रात्री नकळत उताणं होणाऱ्यांच्या पाठीला घरचे कापडाचा बोळा बांधतात, ही युक्ती चांगली आहे.

दुसरी बंदी विमान आणि उंच डोंगराची. आपल्याकडे ही फार लोकांना माहीत नसते. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, आणि बंद डोळ्यातला गॅस फुगतो. फुगला की डोळ्याचा दाब इतका चढू शकतो की पडद्याचा रक्तपुरवठा थांबून नजर कायमची जाते. विमानाच्या केबिनमधला दाब जवळपास 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. विमानाने कोण जातंय, असं म्हणाल, पण ऑपरेशन चांगलं झालं म्हणून नवस फेडायला तिरुपतीला जाणारी माणसं मराठवाड्यात कमी नाहीत. खालच्या तिरुपती शहरातून तिरुमलाला चढताना तासाभरात जवळजवळ 700 मीटर वर जावं लागतं. वणीचा गड, महाबळेश्वर यांचंही तसंच. गॅस पूर्ण गेला असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत देव थांबतो. सेलू ते संभाजीनगर या रस्त्याला तसा चढ नाही, तपासणीला येण्यात अडचण नाही. आणखी एक: या काळात हर्निया, हाड मोडणं अशा कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ‘डोळ्यात गॅस आहे’ हे आधी सांगायचं. भुलेतला नायट्रस ऑक्साइड डोळ्यातल्या गॅसमध्ये शिरून तो फुगवतो. काही ठिकाणी हाताला पट्टा बांधून देतात. दिला असेल तर तो गॅस जाईपर्यंत सोडू नका, आणि नसेल दिला तर कार्डाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

तेलाचं विचारलंत. सिलिकॉन तेल आणि गॅस दोघंही पडद्याला आतून टेकू देतात. तेल आपोआप जात नाही, ते काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. पडदा सुटून फार दिवस झालेत आणि त्याच्यावर सुरकुत्या, जाळं धरलंय, छिद्र फार मोठं आहे, एकदा बसवलेला पडदा पुन्हा सुटलाय, दुसरा डोळा आधीच गेलेला आहे किंवा माणसाला मान खाली घालणं शक्यच नाही, अशा वेळी आम्ही तेलाकडे वळतो. म्हणजे आबांना गॅस भरला याचा अर्थ बहुधा असा की डॉक्टरांना डोळा बऱ्या अवस्थेत मिळाला. यात स्वस्त-महागाचा संबंध जोडू नका.

त्या शेजाऱ्यांची भेट झाली तर त्यांना मात्र एक विचारा: तेल काढलंय का? सहसा तीन ते सहा महिन्यांत तेल काढतात. आपल्याकडे काय होतं, तेल असताना थोडंफार दिसतं, कामं सुरू होतात, आणि ‘दिसतंय ना, मग कशाला पुन्हा चिरफाड’ असं म्हणून माणूस दोन-दोन, तीन-तीन वर्षं फिरकत नाही. तोवर तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, ते डोळ्यातलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीत अडकतात आणि दाब वाढून काचबिंदू होतो, किंवा डोळ्याची पुढची पारदर्शक काच पांढरी पडते. बसलेला पडदा जागेवर असतो आणि नजर काचबिंदूने जाते. काही डोळ्यांत तेल मुद्दाम ठेवावं लागतं हे खरं, पण तो निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा असतो. तेल असताना चष्म्याचा नंबर प्लसकडे सरकतो, म्हणून तेल असताना केलेला चष्मा तेल काढल्यावर चालत नाही, हेही त्यांना सांगून ठेवा.

आता पथ्य. इतक्या वर्षांत मला दिसलेलं असं की आपली माणसं पथ्याला पक्की असतात, फक्त भलत्या गोष्टींचं पाळतात. वांगं बंद, आंबट बंद, डाळ बंद, केळी बंद. म्हातारा महिनाभर मऊ भात आणि दुधावर. आणि थेंब? दुपारचा राहिला. मान? रात्री कोण बघतंय. तपासणीची तारीख? पोळा होता. वांग्याचा पडद्याशी काही संबंध नाही. आबांना भाकरी, भाजी, डाळ, दही, जे रोज खातात ते सगळं खाऊ द्या. शौचाला जोर लागू नये म्हणून उलट पालेभाजी आणि पाणी जास्तच द्या. साखर किंवा बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर त्या मात्र एकही चुकवू नका. तंबाखू सुटली तर सगळ्याच शरीराचं भलं. मानेखालून आंघोळ पहिल्या दिवसापासून चालते. डोक्यावरून पाणी साधारण दोन-तीन आठवडे नको, तोवर केस ओल्या फडक्याने पुसून घ्या. डोळा घरी उकळलेल्या पाण्याने धूत बसू नका. बाहेरच्या पापण्या उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने पुसल्या की पुरे. मध, एरंडेल, शेळीचं दूध, कुठल्या बाबाचं अंजन, यातलं काहीही ताज्या जखमेच्या डोळ्यात गेलं तर जंतू आत शिरून दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो. हे मी बघितलेलं आहे, ऐकीव नाही.

थेंबांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. साधारण तीन प्रकारचे थेंब असतात: जंतू मारणारे, सूज उतरवणारे स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी ठेवणारे. तिसऱ्या थेंबाने जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड खुपतो, तो दोष नव्हे. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. घालण्याआधी हात साबणाने धुवा, बाटलीचं टोक पापणीला लावू नका, थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरा. स्टेरॉइडचा पांढुरका थेंब असेल तर बाटली हलवून घ्या. आईला वाचता येत नसेल तर एका बाटलीला लाल दोरा, एकीला पांढरा असं बांधा आणि भिंतीवर कागद चिकटवून प्रत्येक थेंबामागे रेघ मारायला लावा. वैशाख असो की ऑक्टोबर हीट, पत्र्याच्या घरात बाटली खिडकीत ठेवू नका. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात, नसेल तर माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या.

आणि यातला स्टेरॉइडचा थेंब हा फार कामाचा आणि तितकाच फसवा. तो मध्येच थांबवला तर सूज उसळते, म्हणून डॉक्टर दर आठवड्याला कमी करत नेतात. पण त्याने डोळा पांढरा आणि मोकळा वाटतो, म्हणून औषध संपल्यावर माणसं मेडिकलवरून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात. काही लोकांत या थेंबाने डोळ्याचा दाब वाढतो आणि तो वाढलेला कळतही नाही. दुखत नाही, खुपत नाही. चिठ्ठीवरची मुदत संपली की थेंब संपला. डोळ्याचा दाब मोजायला दर वेळी संभाजीनगर गाठायची गरज नाही. परभणीतला कोणताही नेत्रतज्ज्ञ तो मोजून देईल, आणि आकडा तुम्ही ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोनवर कळवू शकता. आतला पडदा बघायला मात्र त्यांच्याकडेच जा.

रानात जाण्याचं आबांच्या मनात असेल, वेचणी तोंडावर आली की घरात बसवत नाही. तरी पहिले चार ते सहा आठवडे रान नको. वाकल्याने किंवा एखादी बादली उचलल्याने बसलेला पडदा लगेच सुटतो असं नाही, लोक त्याची जरा जास्तच धास्ती घेतात. माझी खरी भीती धूळ, पऱ्हाटीची काडी आणि विहीर यांची असते. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो. पायरी हुकते, कठडा नसलेल्या विहिरीच्या काठाचा अंदाज येत नाही, बैलाचं शिंग किती जवळ आलंय ते कळत नाही. सोयाबीनच्या मळणी यंत्राजवळ तर या हंगामात त्यांना उभंच करू नका. भुसा उडतो तो आणि पट्ट्यात हात जातो तो, दोन्ही धोके. फवारणी दुसऱ्याने करावी. रानातल्या आखाड्यावर सावलीत बसून माणसांवर लक्ष ठेवायचं असेल तर डॉक्टरांनी मान मोकळी केल्यावर हरकत नाही, पण डोळ्याला बाजूने झाकणारा संरक्षक चष्मा हवा, आणि तो नंतरही रानात कायम. मोटारसायकल गॅस जाऊन दोन्ही डोळ्यांची नजर तपासल्याशिवाय नाही. ऊसतोडीला किंवा हमालीला जाणाऱ्यांना मी याहून जास्त दिवस थांबवतो; आबांचं काम तसं नाही.

धोक्याची लक्षणं तुमच्यासारख्या घरच्या माणसाने पाठ करावीत, कारण रुग्ण बहुतेक वेळा ‘होईल बरं’ म्हणतो. थोडी लाली, पाणी येणं, वाळू गेल्यासारखं टोचणं हे दोन-तीन आठवडे चालतं. पण डोळ्यात आणि कपाळात जोराचा ठणका, सोबत मळमळ-उलटी, म्हणजे दाब चढलाय. लाली कमी होण्याऐवजी वाढतेय, पापणी सुजतेय, चिकट घाण येतेय आणि आधीपेक्षा कमी दिसतंय, म्हणजे आत जंतू शिरल्याची शंका. आणि तिसरं, एका बाजूने सावली सरकत येणं. इथे गॅसच्या रेघेशी गल्लत होते म्हणून फरक नीट धरून ठेवा: गॅसची रेघ आडवी असते, मान हलवली की हलते आणि दिवसागणिक वरचा स्वच्छ भाग वाढवत जाते. सुटत्या पडद्याची सावली एखाद्या कोपऱ्यातून येते, मान हलवून डुचमळत नाही आणि दिवसागणिक दिसणारा भाग खात जाते. या तिन्हींपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट नाही, आठवडी बाजार झाल्यावर नाही, त्याच दिवशी निघायचं. रात्रीची वेळ असेल तर फोन करून घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जिथे ऑपरेशन झालं तिथे जायचं.

एका ऑपरेशनमध्ये पडदा बसण्याचं प्रमाण 10 पैकी साधारण साडेआठ-नऊ आहे. उरलेल्यांत बहुतेक वेळा पडद्यावर जखमेच्या खपलीसारखं जाळं धरतं, ते आकसतं आणि पडद्याला ओढतं. हे सहसा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं. त्यात रुग्णाची चूक नसते आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही नसते. पण ते लवकर पकडलं तर दुसऱ्या ऑपरेशनला अर्थ राहतो. म्हणून महिन्याची, दीड महिन्याची आणि तीन महिन्यांची तपासणी डोळा छान वाटत असला तरी चुकवायची नाही. पुन्हा ऑपरेशनची वेळ आलीच तर खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. ऑपरेशन होऊन पैसे भरल्यावर ते बसवता येत नाही. आधार आणि रेशन कार्ड सोबत असू द्या.

नजर किती येईल? याचं उत्तर बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं. पडद्याचा अगदी मधला भाग, मॅक्युला, ज्याने आपण वाचतो आणि चेहरा ओळखतो, तो ऑपरेशनवेळी चिकटलेला होता की सुटलेला, हे डॉक्टरांना विचारा. चिकटलेला असेल तर गॅस गेल्यावर बरीचशी पूर्वीसारखी नजर मिळते. सुटलेला असेल तर तो किती दिवस सुटलेला होता यावर अवलंबून. आठवड्याच्या आत बसवला तर आशा चांगली, महिनाभर गेला असेल तर पडदा बसूनही बारीक अक्षर वाचता येईलच असं नाही. तरी हळूहळू सुधारणा सहा महिने, कधी वर्षभर चालते. या काळात दाराची चौकट वाकडी दिसणं, रंग फिके वाटणं, त्या डोळ्याला वस्तू किंचित लहान दिसणं हे होतं आणि बरंच ओसरतं. नवीन चष्मा गॅस पूर्ण जाऊन नंबर स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांनी करा. मधल्या काळात केलेला चष्मा म्हणजे फुकटचा खर्च.

दुसऱ्या डोळ्याचं विचारलंत ते फार बरं केलंत, कारण ते लोक विचारत नाहीत. एका डोळ्याचा पडदा असा सुटला की दुसऱ्याला धोका साधारण दहात एक. आबांच्या उजव्या डोळ्याची बाहुली मोठी करून पडदा अगदी कडेपर्यंत तपासला गेलाय का, ते कार्डावर बघा. नसेल तर येत्या तपासणीतच तो तपासून घ्या. कडेला पातळ जागा किंवा छिद्र सापडलं तर त्याभोवती लेझर मारतात. भरतीशिवाय, थेंबाची भूल देऊन, थोड्या वेळाचं काम. पातळ जागा दिसली की सगळ्यांनाच लेझर, हे मला पटत नाही, कारण पुष्कळ जणांच्या तशाच जागा आयुष्यभर काही करत नाहीत. पण एका डोळ्याचा पडदा सुटलेल्या माणसाच्या दुसऱ्या डोळ्यात मी हात आखडता घेत नाही.

रोज सकाळी तोंड धुतल्यावर आबांनी डावा डोळा झाकून उजव्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. चौकोनांच्या रेघा सरळ आहेत का, चारही कोपरे दिसतात का. अर्ध्या मिनिटाचं काम. अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या माशांचा किंवा धुराचा लोट डोळ्यासमोर येणं, कडेला पडदा ओढल्यासारखं वाटणं, यातलं काही उजव्या डोळ्यात झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. नुसतं छिद्र असताना आलेल्या माणसाचं काम लेझरवर भागतं. तोच माणूस पेरणी उरकून आला तर त्याला गॅस, पालथं झोपणं आणि हे सगळं पुन्हा.

शेवटी तुमचं स्वतःचं. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत की तुमचा चष्मा मायनस सातचा आहे आणि धाकट्या भावाचाही जाडच आहे. वडिलांचा पडदा सुटलेला आणि स्वतःचा नंबर एवढा, म्हणजे तुम्हा दोघांचीही कडेपर्यंतची तपासणी एकदा व्हायलाच हवी, आत्ता काही त्रास नसला तरी. आबांना दाखवायला जाल त्याच दिवशी तुमचाही कागद काढा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, तेव्हा तिघांनी एकाच मोटारसायकलवर किंवा भावाने गाडी चालवत येऊ नका. एसटीने या, किंवा ज्याचे डोळे त्या दिवशी तपासायचे नाहीत असा एक माणूस सोबत आणा.